दाद द्यावी, दाद लागावी

खिशातली एखादी नोट काढून उजेडात धरा. तिच्यावर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही असते, छपाईचे साल असते, दोन ठिकाणी क्रमांक असतो. ती छापली कुणी हे मात्र कुठे नसते, आणि नोटेच्या बाबतीत ते योग्यच आहे. आपल्याकडे नोटा चार ठिकाणी छापतात: नाशिक, देवास, म्हैसूर आणि पश्चिम बंगालमधले सालबोनी. देवासची बँक नोट प्रेस १९७४ पासूनची. नोटांना लागणारी खास शाईही तिथेच तयार होते. या कामात एक गंमत आहे. छपाईत एखादी नोट बिघडली, की ती गड्डीतून काढतात आणि तिच्या जागी क्रमांकात तारा असलेली नोट घालतात. रिझर्व्ह बँकेने ही पद्धत २००६ मध्ये लहान नोटांपासून सुरू केली. शाळेत चांगल्या अक्षराला वहीवर तारा मिळतो. इथे तारा दिसला की समजायचे, कुठेतरी एक नोट बिघडली होती. गड्डीतल्या बाकीच्या नोटा बिनचूक उतरल्या, याची खूण कुठेच नसते. नोटेपुरते हे ठीक. पण बहुतेक कचेऱ्या आणि कारखाने आपली माणसेही याच हिशेबाने मोजतात. बिघाडाची नोंद होते, बिनचूक कामाची होत नाही.

आपले कामावरचे रोजचे मराठी जरा कान देऊन ऐकावे. काम नीट झाले की वाक्यातून माणूस गळून पडतो. ‘माल गेला’, ‘ऑडिट पार पडलं’, ‘मशीन सुरू झालं’. जणू माल आपण होऊन ट्रकमध्ये चढला आणि मशीनने स्वतःच आपला पट्टा बदलला. बिघडले की मात्र कर्ता प्रत्ययासकट हजर होतो: ‘हे कुणी केलं?’, ‘तू बघितलं नाहीस?’, ‘यानेच पाठवलं असणार.’ व्याकरणाच्या भाषेत, आपल्याकडे यश अकर्मक आहे आणि चूक सकर्मक. मध्य प्रदेशात, देवासच्या किंवा पीथमपूरच्या कारखान्यात हेच हिंदीत चालते; ‘हो गया’ आणि ‘किसने किया’ यांच्यातले अंतर तेवढेच आहे. कामाच्या ठिकाणची ‘सकारात्मक भाषा’ म्हणून हल्ली जे शिकवले जाते, त्यात या व्याकरणाला कुणी हात लावत नाही. ‘छान’, ‘मस्त’, ‘ग्रेट जॉब’ असे गोड शब्द वाढवा, एवढाच उपदेश असतो. माझे म्हणणे असे, की गोडव्याचा प्रश्न इथे नाहीच. ‘सगळ्यांनी छान काम केलं’ हे वाक्य गोड आहे आणि पोकळ आहे. ‘काल तिसऱ्या पाळीत बोअरचं माप सरकलंय हे तू पकडलंस, म्हणून आजचा लॉट परत आला नाही’ यात गोड शब्द एकही नाही. पण कुणी केले, काय केले, कधी केले आणि त्याने काय वाचले, हे चारही आले. ऐकणारा ते घरी जाऊन सांगतो.

यासाठी मराठीत एक नेमका शब्द आहे, दाद. फारसीत दाद म्हणजे न्याय. मराठीने तो दोन्ही हातांनी घेतला. गाण्याला दाद देतात आणि कोर्टात दाद मागतात. गाऱ्हाणे ऐकले गेले नाही तर ‘दाद लागली नाही’ म्हणतात, आणि न जुमानणारा माणूस ‘कुणाला दाद देत नाही’. कौतुक आणि न्याय हे दोन अर्थ एकाच शब्दात राहतात, यामागे एक समज आहे. दुसऱ्याच्या कामाची दखल घेणे ही मेहेरबानी नव्हे, ते देणे आहे. ‘शाबासकी’ वरून खाली येते, त्यात थाप मारणारा मोठा आणि पाठ धाकट्याची. ‘कौतुक’ लहान मुलाचेही करतात. दाद मात्र ज्याची त्याला द्यायची असते. नाही दिली तर ती बाकी राहते. कामाच्या ठिकाणच्या कौतुकाविषयीचे बरेचसे घोळ, मला वाटते, ही बाकी आहे हे विसरल्यामुळे होतात.

दखल घेतल्याने कामात फरक पडतो का, हे मोजूनही पाहिले गेले आहे. ॲडम ग्रँट आणि फ्रान्चेस्का जिनो यांनी २०१० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या गोळा करणारे कर्मचारी होते, ठरावीक पगारावरचे. फोन जास्त केले म्हणून पैसे जास्त मिळायचे नाहीत. त्यांतल्या एका गटाला वरिष्ठ बाई येऊन भेटल्या आणि तुमच्या कष्टांबद्दल आभारी आहे, एवढेच बोलून गेल्या. पुढच्या आठवड्यात त्या गटाचे फोन निम्म्याहून अधिक वाढले. दुसऱ्या गटात काही हलले नाही. २०१६ मध्ये ब्राडलर आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग मला त्याहून बोलका वाटतो. माहिती भरण्याच्या तात्पुरत्या कामावर घेतलेल्या तीनशेहून अधिक लोकांत काही गटांमध्ये सगळ्यांना आभाराचे कार्ड दिले, तर काहींमध्ये फक्त चांगले काम करणाऱ्या तिघांना. काम वाढले, आणि निवडक तिघांना कार्ड मिळालेल्या गटांत ते चांगलेच वाढले. पण वाढ मुख्यतः झाली ती कार्ड न मिळालेल्यांची. रुसून बसायचे सोडून त्यांनी हात चालवले. माझ्या मते त्या कार्डाने त्यांना दोन गोष्टी कळल्या: इथे कुणीतरी पाहते आहे, आणि चांगले काम म्हणजे किती, हे ठरलेले आहे. म्हणजे दाद एकाला दिली तरी ऐकतात सगळे.

दाद कशी द्यावी हे शिकायला देवासला व्यवस्थापनाच्या वर्गाची गरज नव्हती. उस्ताद रजब अली खाँ यांचे हे गाव. १९४८ साली कुमार गंधर्व आजारपणात इथे राहायला आले आणि शेवटपर्यंत इथेच राहिले. जाणकारांच्या मैफलीतली दाद नीट पाहिली, तर ती कधी मैफल संपल्यावर आभारप्रदर्शनात येत नाही. अवघड तान वळसे घेत नेमकी समेवर आली, की त्याच क्षणी पुढच्या रांगेतला एक हात उठतो, मान हलते, तोंडातून अर्धवट शब्द निघतो. दोन मात्रा उशिरा तोच शब्द आला तर ऐकणाऱ्याला काही कळले नाही, हे गाणाऱ्याला कळते. आणि दाद कुणाची आहे यावर तिचे मोल ठरते. साध्या आलापाला सतत ‘वाहवा’ म्हणणारा श्रोता गायकाला नकोसा होतो. तीन तासांत एकदा मान हलवणाऱ्या म्हाताऱ्या तबलजीसाठी तो गात असतो. कामाच्या ठिकाणी याचा अर्थ असा, की दाद देणाऱ्याला काम कळले पाहिजे. लेथवर कधी न उभ्या राहिलेल्या अधिकाऱ्याने ‘एक्सलंट’ म्हटल्याने कारागिराला राग येत नसेल, पण मूठभर मांसही चढत नाही. शेजारच्या मशीनवरचा माणूस पार्ट हातात घेऊन, अंगठा फिरवून ‘बरं आलंय’ म्हणाला, तर ते मोठे. मराठी माणसाच्या तोंडी ‘बरं आहे’ ही तशीही कमाल मर्यादा आहे, हे परप्रांतीय सहकाऱ्यांना समजावून सांगायला हवे.

देवासहून धारला गेले की दाद देण्याची दुसरीच कथा भेटते. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात धार ही परमार राजा भोजाची राजधानी होती. त्याच्याविषयीच्या आख्यायिका पुढे कित्येक शतकांनी बल्लाळाने ‘भोजप्रबंधा’त गुंफल्या. त्यात कालिदासही भोजाच्या दरबारी बसलेला दिसतो, तेव्हा इतिहास म्हणून तो ग्रंथ कुणी वाचत नाही. पण मालक आणि गुणी माणूस यांच्या नात्यावरचे निरीक्षण म्हणून तो वाचण्यासारखा आहे. भोज अक्षराला लाख मोहरा देतो म्हणून घाबरलेल्या प्रधानाने भिंतीवर लिहून ठेवले, की संकटासाठी पैसा राखावा. राजाने खाली लिहिले, श्रीमंताला कसले संकट? प्रधानाने पुन्हा लिहिले, दैव कधी फिरेल सांगता येत नाही. राजाचे उत्तर: दैव फिरले तर साठवलेलेही जाईल. कुठल्याही कंपनीतला मनुष्यबळ अधिकारी आणि हिशेबनीस यांच्यातला हा पत्रव्यवहार आहे, फक्त भिंतीवरचा. प्रधानाला आपण हसतो, पण त्याची बाजू अगदीच लंगडी नव्हती. अक्षराला लाख मिळू लागले की अक्षरे वाढतात, कविता वाढतेच असे नाही.

भोजाच्या नावावर सांगितली जाणारी दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण ती रोज घडते. खजिना वाचवण्यासाठी दरबारी पंडितांनी युक्ती काढली म्हणे. एकाला एकदा ऐकले की पाठ व्हायचे, दुसऱ्याला दोनदा ऐकले की, तिसऱ्याला तीनदा. कुणी कवी नवा श्लोक म्हणून गेला, की पहिला उठायचा, ‘हा तर जुना, मला येतो,’ म्हणून घडाघडा म्हणून दाखवायचा. तोवर दुसऱ्याचे दोनदा ऐकून झालेले असायचे, मग तिसऱ्याचे. कवी रिकाम्या हाताने परत. शेवटी एकाने श्लोक रचला, की राजा, तुझ्या वडिलांनी माझ्या वडिलांकडून नव्व्याण्णव कोटी रत्ने उसनी घेतली होती आणि तुझ्या पंडितांना ते ठाऊक आहे. श्लोक जुना म्हणावा तर कर्ज कबूल होते, नवा म्हणावा तर बक्षीस द्यावे लागते. हे पंडित आजही प्रत्येक कार्यालयात बसलेले आहेत. कुणी काही सुधारणा सुचवली, रात्र जागून काही उभे केले, की ते म्हणतात, ‘यात नवीन काय? हे आम्ही आधीच ठरवलं होतं.’ पुढच्या बैठकीत तीच सूचना त्यांच्या तोंडून येते. काम करणाऱ्याला जिव्हारी लागते ते कौतुक न होणे नव्हे. आपले काम दुसऱ्याच्या नावावर चढणे लागते. आणि ती सरळ सरळ दाद मागण्याची गोष्ट आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप महागाईचा: कौतुक रोज वाटले तर त्याची किंमत उतरते. हे खरे आहे, आणि त्याचा पुरावा मराठी दप्तरातच पडलेला आहे. मराठेशाहीत पत्राचा मायना ही काटेकोर बाब होती. कुणाला काय लिहायचे ते ठरलेले. ‘राजमान्य राजश्री’ हा एके काळी खराखुरा मान होता. मग तो सगळ्यांनाच लावू लागले, झिजत झिजत ‘रा. रा.’ झाला आणि वीजबिलाच्या पाकिटावरसुद्धा शोभेनासा होऊन नाहीसा झाला. धार-देवासच्या पवारांचा जुना किताब मात्र ‘विश्वासराव’. तो ऐकला की का दिला असेल हे कळते, कारण त्यात गुण सांगितलेला आहे, नुसती पायरी नाही. इंग्रजांनी पुढे याच संस्थानिकांना पायरी दिली, तोफांची. धारला १५ तोफांची सलामी, देवासच्या थोरल्या पातीला १५ आणि त्याच गावात राहणाऱ्या धाकट्या पातीलाही १५. ग्वाल्हेरला २१. यात सरकारचा खर्च दारूचा, तोही परत न येणारा. आणि राजेलोक आपल्या दोन तोफा वाढाव्यात म्हणून वर्षानुवर्षे अर्ज करत राहिले. दखलेचे रूपांतर दर्जाच्या शिडीत झाले, की माणूस काम सोडून शिडीकडे बघू लागतो. ‘महिन्याचा सर्वोत्तम कर्मचारी’ म्हणून भिंतीवर टांगलेल्या फोटोचे बरेचदा हेच होते. तिसऱ्या महिन्यापासून तो पाळीपाळीने मिळू लागतो, आणि सातव्या महिन्यात ज्याचा फोटो लागतो तो कॅन्टीनच्या दुसऱ्या दाराने ये-जा करतो.

बक्षीस चुकीच्या जागी लागले तर उलटतेही. अमेरिकेतल्या एका औद्योगिक धुलाई कंपनीच्या पाच केंद्रांपैकी एकाने, महिनाभर वेळेवर आणि न चुकता येणाऱ्यांना गौरवायची योजना काढली. गब्लर, लार्किन आणि पिअर्स यांनी २०१६ मध्ये तिचा ताळा मांडला. योजनेच्या अटींत बसेल एवढीच वक्तशीरता काहींनी दाखवली. महिन्यातला एक दिवस हुकला, बक्षीस गेले, की पुढे पुन्हा उशीर. जे आधीपासून कुणी न सांगता वेळेवर येत होते, त्यांना ती बोचली, आणि त्यांचे काम मंदावले. सगळे धरून त्या केंद्राची उत्पादकता १.४ टक्क्याने घसरली. मला यात कौतुकाचा दोष दिसत नाही, आंधळेपणाचा दिसतो. वर्षानुवर्षे वेळेवर येणाऱ्यांची दखल कधी घेतलीच नव्हती. मग उशिरा येणाऱ्यांना सुधारण्यासाठी समारंभ झाला. वेळेवर येणाऱ्यांची जुनी बाकी तशीच राहिली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: गोड बोलण्याच्या नादात चुका झाकल्या जातात. ज्या खात्यात सगळे ‘सकारात्मक’ बोलतात, तिथे पुलाला तडा गेल्याचेही ‘सुधारणेला वाव’ म्हणून लिहून येते. हा धोका काल्पनिक नाही. त्यात भर म्हणून काही वर्षांपूर्वी विज्ञानाच्या नावाखाली एक आकडाच फिरत होता. २००५ मध्ये फ्रेडरिक्सन आणि लोसादा यांनी गणित मांडले, की बोलण्यात सकारात्मक आणि नकारात्मक यांचे प्रमाण २.९०१३ च्या वर असले की माणसे बहरतात. दशांशाचे चार आकडे! प्रशिक्षणवाल्यांनी ते डोक्यावर घेतले. २०१३ मध्ये ब्राउन, सोकल आणि फ्रीडमन यांनी त्या गणितात काहीच दम नाही हे दाखवले आणि नियतकालिकाला तो भाग मागे घ्यावा लागला. एका टीकेमागे तीन कौतुके असे माप घालून बोलणारा साहेब माणसांना लगेच ओळखू येतो. तिसरे कौतुक संपले की ते खांदे आवळून घेतात. पीथमपूरला १९८० च्या दशकात आयशरबरोबर मित्सुबिशी आली, कायनेटिकबरोबर होंडा आली, आणि काइझेन वगैरे शब्द मालव्यात रुळले. पण जपानी कारखान्यांतला घेण्यासारखा रिवाज शब्दांचा नाही, दोरीचा आहे. टोयोटाच्या लाइनवर दोष दिसला की कुणीही कामगार दोरी ओढून मदत बोलावू शकतो, वेळ पडल्यास सगळी लाइन थांबते, आणि धावत आलेल्या प्रमुखाने आधी दोरी ओढणाऱ्याचे आभार मानावेत अशी अपेक्षा असते. तिथे दोष सांगणे हेच दाद देण्याजोगे काम ठरते. सुरुवातीला म्हटलेले व्याकरण इथे उलटे फिरते: दोषाची चौकशी करताना ‘हे कसं झालं?’, आणि दोष शोधणाऱ्याला ‘हे तू पकडलंस’. चूक लपवण्यात मग फायदा उरत नाही.

बोलण्याचा रोख बदलल्याने काय होते याचे मोठे उदाहरण देवास जिल्ह्यातच आहे, कारखान्याबाहेर, शेतात. १९९० च्या उन्हाळ्यात देवास शहराला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. कूपनलिका खोल खोल जात होत्या आणि कर्जेही. २००६ मध्ये उमाकांत उमराव जिल्हाधिकारी म्हणून आले. सरकारी यंत्रणेची अशा वेळची ठरलेली भाषा दरडावण्याची असते: पाणी उपसू नका, पाणी वाचवा नाहीतर मराल. त्यात खोटे काही नव्हते. उपसा झालाच होता, आणि सर्वांत जास्त मोठ्या शेतकऱ्यांनी केला होता. पण मोहीम आखताना नेमक्या त्याच मोठ्या शेतकऱ्यांना आरोपीच्या पिंजऱ्यातून काढून पुढाकार घेणाऱ्याच्या जागी बसवले गेले. आपल्या जमिनीच्या साधारण दहाव्या हिश्श्यात तळे खोदा, असे त्यांना सांगितले. ‘जल बचाओ, जीवन बचाओ’ ही घोषणा बदलून ‘जल बचाओ, लाभ कमाओ’ केली. तळ्याला नाव मिळाले रेवासागर. रेवा म्हणजे नर्मदा, जिल्ह्याच्या दक्षिणेची सीमा. आणि खोदणारा झाला भगीरथ कृषक. सुरुवातीला अनुदान नव्हते. लोकांनी पदरच्या पैशाने, आपल्या ट्रॅक्टरांनी तळी खणली. काही वर्षांत त्यांची संख्या हजारांवर गेली, आणि राज्य सरकारने पुढे बलराम तालाब योजना आणली. यातले नाव देण्याचे कौशल्य सगळ्यांना दिसते, पण नाव दिले म्हणून तळी झाली असे म्हणणे भाबडेपणाचे. त्या नावाखाली हिशेब पक्का होता: दहावा हिस्सा पाण्याखाली गेला तरी उरलेल्या नऊ हिश्श्यांत रब्बीचे पीक हमखास. शिवाय नाव आधी मिळाले नाही. तळे खोदल्यावर मिळाले. भगीरथ म्हणवून घेणाऱ्याच्या शेतात पाणी दिसत होते.

याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवले की तिसरा आणि सर्वांत टोकदार आक्षेप समोर येतो: हे सगळे कौतुक पैसे न देण्याची पळवाट नाही का? २२ मे २०२२ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या सुमारे दहा लाख आशा स्वयंसेविकांना जागतिक आरोग्य नेतृत्वाचा सन्मान दिला. सन्मान योग्य होता. करोनाच्या काळात घरोघर त्याच फिरल्या होत्या, धारच्या आदिवासी पाड्यांत आणि देवासच्या खेड्यांतही. पण २००५ मध्ये ही योजना सुरू झाली तेव्हापासून कागदोपत्री त्या कर्मचारी नाहीत, ‘स्वयंसेविका’ आहेत. त्यांना पगार नाही, कामागणिक मोबदला आहे, आणि वर ‘मानधन’. हा शब्द तयार करणाऱ्याच्या चातुर्याला खरोखर दाद द्यावी. त्यात मान पुढे उभा आहे आणि धन त्याच्या आड लपले आहे. मानधन वाढवा म्हणून त्या राज्याराज्यांत रस्त्यावर बसतात, तेव्हा त्यांना सन्मानपत्राची आठवण कुणी करून देऊ नये. ‘पाठीवर मारा पण पोटावर मारू नका’ असे आपण म्हणतो. इथे पाठीवर थाप आहे आणि मार पोटावर. म्हणून या आक्षेपाला माझे उत्तर अर्धे होकाराचेच आहे. दाद मागणाऱ्याला दाद देऊन गप्प करता येत नाही. देण्यातले आधी चुकते करावे लागते: पगार, सुट्टी, सुरक्षा. ‘दाम करी काम’ ही म्हण तिथवर खरी. त्याच्या पुढे ती अपुरी पडते, कारण पगारातून इतकेच कळते, की या जागेवर कुणीतरी हवे होते. ते ‘कुणीतरी’ आपणच असल्याने काही फरक पडला का, हे पगाराच्या चिठ्ठीवर छापता येत नाही.

देवासच्या थोरल्या पातीचीही एक गोष्ट इथे आठवते. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये तुकोजीराव महाराजांचा खासगी चिटणीस होता. १९५३ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात त्याने या मराठी दरबाराचे जे चित्र काढले, त्यात महाराजांच्या जिव्हाळ्याविषयी, माणसाला आपलेसे करण्याच्या हातोटीविषयी तो भरभरून लिहितो. गोकुळाष्टमीच्या उत्सवाची त्यातली वर्णने तर पानेच्या पाने आहेत. मात्र संस्थानचा खजिना या जिव्हाळ्याने सावरला नाही. महाराज १९३३ मध्ये देवास सोडून फ्रेंच हद्दीत, पाँडिचेरीला गेले आणि १९३७ मध्ये तिथेच वारले. फॉर्स्टरचे प्रेम शेवटपर्यंत टिकले. संस्थानच्या इतर नोकरांनी असे पुस्तक लिहिलेले नाही.

आज हा प्रश्न सर्वांत अडतो तो कंत्राटी कामगारापाशी. धार जिल्ह्यातल्या पीथमपूरच्या औद्योगिक पट्ट्यात काय किंवा चाकणला काय, एकाच लाइनवर दोन तऱ्हेचे हात असतात. एकाचे नाव कंपनीच्या मस्टरवर, दुसऱ्याचे ठेकेदाराच्या. पगार ठेकेदाराने बुडवला तर तो मूळ मालकाने द्यावा, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानेच ठरवून ठेवले होते. म्हणजे दाद मागायला निदान एक दार होते. दाद द्यायची कुणी, हे कुठल्याच कागदावर नाही. कंपनीचा सुपरवायझर म्हणतो, तो आमचा माणूस नाही. ठेकेदार आठवड्यातून एकदा हजेरी बघायला येतो, त्याला बोअरचे माप कळत नाही. सूचनापेटीतल्या चिठ्ठीवर कर्मचारी क्रमांक लिहायचा रकाना असतो, आणि याच्याकडे तो क्रमांक नसतो. अकरा महिन्यांनी तो दुसऱ्या गेटवर उभा असतो. तिसऱ्या पाळीत माप सरकल्याचे पकडणारा मुलगा यांतलाच असण्याची शक्यता बरीच आहे, कारण तिसऱ्या पाळीला बहुतेक वेळा हेच असतात. सकाळी सुपरवायझर लॉट तपासतो, माप बरोबर असते, रजिस्टरमध्ये ‘ओके’ लिहितो. रात्री कुणी पकडले हे त्याला विचारले तर तो टोपीचा रंग सांगतो.